बॉनेटवरची राख

भांडी घासल्याचा आवाज येत होता आणि तो ऐकून मला बरं वाटत होतं, याचाच मला पुढे दिवसभर सगळ्यात जास्त राग आला. खंडेनवमीची सकाळ होती. मी मोरीत दाढी करत उभा होतो, गालाला साबण, आणि बाहेरून काथ्याचा तो ओला आवाज येत होता. खर्र खर्र, मग पाणी, मग पुन्हा खर्र खर्र. लहानपणी बेलपाड्याला नवमी या आवाजानेच उजाडायची. बापाचं मिठागरातलं फावडं, कोयता, कुदळ, विळी, पहार, सगळं अंगणात मांडलेलं असायचं आणि आई उकिडवी बसून चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन एकेक हत्यार चकचकीत करायची. त्याशिवाय पूजा नाही. ज्याच्यावर पोट चालतं ते नवमीला घासून लख्ख करायचं, गंजाचा ठिपका राहिला तर वर्ष वाईट जातं, असं ती म्हणायची. मी आरशात बघून हसलोसुद्धा. म्हटलं, रुळली म्हातारी पनवेलात. आठच दिवसांपूर्वी मिनतवाऱ्या करून तिला गावाहून बैलगाडीने आणली होती. मग टॉवेलने तोंड पुसत ओटीवर आलो आणि बघतो तर आई माझ्या मोटारीचं बॉनेट घासत होती.

पदर खोचलेला, कोपरापर्यंत राख, आणि त्या काळ्याभोर पत्र्यावर हात गोल गोल फिरतोय. पातेल्याचं बूड घासावं तसा. अर्धं बॉनेट झालं होतं. ज्या रंगात काल संध्याकाळपर्यंत समोरच्या घराची कौलं दिसत होती, तो रंग पांढुरका पडला होता आणि त्यावर वर्तुळंच वर्तुळं. एका पारशी म्हाताऱ्याकडून जूनमध्ये मी ही गाडी घेतली. त्याने ती चौदा वर्षं सांभाळलेली, आणि देताना मला दोनदा बजावलं होतं की फडकं वापरा ते जुन्या मलमलीचं वापरा. मलमलीचं! मी पायऱ्या उतरलो, तिच्या हातातला काथ्या हिसकावला आणि गटारात फेकला. हे काय चालवलंयस, असं काहीतरी ओरडलो. ती दचकून बघायला लागली. म्हणाली, "आज नवमी नाय का? तुजी गारी..." मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. तेवढ्यात समोरच्या गॅलरीत कापडवाला दयाराम दात घासत उभा होता, त्याने पिंक टाकली आणि विचारलं, काय डॉक्टर, मोटारीला कल्हई करताय काय? खालच्या नळावर बायका होत्या. त्या हसल्या. फार नाही हसल्या, पण हसल्या.

हे हसू मला पाठ आहे. शाळेपासून पाठ आहे. पनवेलच्या या आळीत मी दवाखाना थाटून सात वर्षं झाली, या लोकांच्या पोरांचे गोवर काढले, म्हाताऱ्यांचे दमे सांभाळले, तरी पाठीमागे मी 'आगऱ्यांचा डॉक्टर'. गाडी घेतली तेव्हा कुठे दयाराम मला अहोजाहो करायला लागला. आणि आता माझी आई सगळ्या आळीसमोर त्या गाडीला राख फासून बसली होती. मी दयारामला काही बोललो नाही. नळावरच्या बायकांनाही नाही. त्यांना बोलायची छाती नव्हती माझी, हे आत्ता लिहिताना कळतंय. मी आईकडे वळलो. आणि चांगल्या खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पुण्यामुंबईच्या शुद्ध भाषेत म्हणालो, "तुला गावातच ठेवायला हवं होतं. चार माणसांत आणायच्या लायकीचीच नाहीस तू."

ती नळाशी गेली, बायका बाजूला झाल्या, आणि तिने हात धुतले. कोपरापर्यंत, सावकाश, बोटाबोटांमधून राख काढून. मग आत गेली. मी बॉनेटवर पाणी ओतत होतो, राख वाहून जात होती आणि खालचे ओरखडे जास्तच स्पष्ट होत होते. तासाभराने सत्यवती, माझी बायको, बाहेर आली आणि म्हणाली की आई मागच्या दाराने गेल्या. गाठोडं घेऊन गेल्या. मी म्हटलं, जाऊ दे. म्हटलं खरं. पण बेलपाडा इथून अडीच-तीन तासांची पायपीट आहे, मुख्य रस्ता सोडला की बैलगाडीची चाकोरी आणि पुढे शेताचे बांध, आणि दुसऱ्या दिवशी दसरा होता.

दसऱ्याचं आमचं ठरलेलं होतं. आमचं म्हणजे माझं. सकाळी आईला गाडीत पुढच्या सीटवर बसवून बेलपाड्याला न्यायचं. ती आपट्याची पानं घेऊन घरोघर जाणार, आणि मी गाडी देवळापुढे उभी करणार. जूनपासून मी या एका गोष्टीची वाट बघत होतो. ज्या बाईने डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून मला शिकवलं, इतक्या की टाळूवरचे केस कायमचे गेले, ती गावात मोटारीतून उतरणार. तिनेही गावभर सांगून ठेवलं होतं. आता ती पायी गेली होती, गाठोडं घेऊन, नवमीच्या दिवशी. गावात काय सांगेल? तिला आजच परत आणायला हवी होती. नाहीतर ती पुन्हा पनवेलला पाय ठेवणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. ती तशीच आहे. बाप गेल्यावर दीर एकदा वाकडा शब्द बोलला तर अकरा वर्षं त्याच्या उंबऱ्यावर चढली नाही, त्याच्या मुलीच्या लग्नालाही रस्त्यात उभी राहून अक्षता टाकल्या. कोणीही शहाणा माणूस तसाच, लुंगीवर, तिच्या मागे धावला असता. अर्ध्या वाटेत गाठली असती. पण मला वाटलं, आधी गाडी नीट करू. ओरखडे पडलेली गाडी घेऊन त्या गावात जायचं नाही, आणि गाडीशिवाय तर जायचंच नाही. एवढा मूर्ख विचार मी माझ्या आयुष्यात दुसरा केला नसेल. पण त्या वेळी तो मला अगदी बिनचूक वाटत होता.

कमरुद्दीन एस्टी स्टँडच्या मागे ट्रक रंगवतो. नवमी म्हणजे त्याचा सुगीचा दिवस, पाच-सहा ट्रक रांगेत, ड्रायव्हर लोक घाई करतायत. त्याने माझं गाऱ्हाणं ब्रश न थांबवता ऐकलं. दुपार कलल्यावर असरच्या नमाजानंतर येतो म्हणाला. तोवर सुरुवात करायची असेल तर म्हणून त्याने मला पाण्यात भिजवून वापरायचा बारीक पॉलिश पेपर दिला, एक डबी मेणाची दिली, आणि काय करायचं ते सांगितलं. ओरखडा भरत नसतो, त्याच्या आजूबाजूचा रंग तेवढाच खाली उतरवायचा असतो, म्हणजे तो दिसेनासा होतो. "पानी सोडत ऱ्हा, डाक्टरसाब. गोल नका फिरवू, सीधा चालवा. आनि हात हलका ठेवा, रंग लई पातला अस्तो." मला हसू आलं. या हाताने मी लोकांच्या डोळ्याजवळची गळवं फोडतो, आणि हा मला हात हलका ठेवायला सांगतोय. मी हो म्हणालो आणि आलो.

दवाखान्याला कुलूप घातलं. एक बादली पाणी, एक पाट, आणि मी गाडीपुढे बसलो. एका टोकापासून सुरुवात केली. कागद ओला करायचा, सरळ ओढायचा, पाणी सोडायचं, फडक्याने पुसायचं, बघायचं. पहिली दहा मिनिटं काम छान चाललं. एक वीतभर पट्टा स्वच्छ झाला आणि मला आशा वाटायला लागली. मग डोक्यात ते सुरू झालं. हाताला काम असलं आणि डोक्याला नसलं की माझं असं होतं. तिला काय म्हणालो ते नाही आठवत होतो. तिने माझं काय काय बिघडवलं ते आठवत होतो. मी डॉक्टरकी शिकत होतो तेव्हाचा स्टेथॉस्कोप. तोही नवमीचाच दिवस. सुपात कोयता, फावडं आणि त्यांच्या मधोमध माझा नवा कोरा स्टेथॉस्कोप, आणि आईने त्यावर हळदीचं पाणी असं शिंपडलं की आत गेलं. पुढे महिनाभर मला प्रत्येकाच्या छातीत खरखर ऐकू यायची. मी हॉस्टेलवर ही गोष्ट दोन वर्षं सांगितली. तिच्या आवाजात, तिच्या हेलात सांगायचो, "बाला, ज्याच्यानं पोट चालतं त्याला पानी दाखवाया लागतं," आणि पोरं गडाबडा लोळायची. पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. मला त्यामुळे चहा मिळायचा. तिचा हेल मला इतका हुबेहूब जमायचा की एकदा ती भेटायला आली, वऱ्हांड्यात बोलायला लागली, आणि खोलीतला एक जण ओरडला, "जगन, पुरे कर रे." ती घाबरून गप्प बसली. तिला वाटलं हॉस्टेलमध्ये मोठ्याने बोलायची मनाई आहे. त्यानंतर कायम ती माझ्या खोलीवर कुजबुजत बोलायची.

हे आठवलं आणि मला तिचाच राग आला. कुजबुजायची कशाला? विचारायचं ना, कोण ओरडलं म्हणून. प्रत्येक वेळी ती असं काहीतरी करून ठेवते की शेवटी दोष माझ्या पदरात पडतो. गाडी घासायचीच होती तर एका शब्दाने विचारायचं होतं. फडक्याने पुसली असती, हार घातला असता, कुंकू लावलं असतं, मी काही बोललो असतो का? पण नाही. पहाटे उठायचं, कोणाला न सांगता चुलीतली राख गोळा करायची. मी कागद दाबत होतो हे मला कळत होतं. पाणी सोडायचंही मध्येच विसरत होतो. दयाराम दोनदा गॅलरीत येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्याने काहीच विचारलं नाही, नुसता बघत राहिला, आणि ते जास्त लागलं.

दुपारी सत्यवती चहा घेऊन आली. कप बॉनेटवर ठेवायला गेली आणि माझ्या तोंडाकडे बघून पाटावर ठेवला. ती तिथेच उभी राहिली. मग म्हणाली की तिला एक सांगायचंय. परवा मी गाडीचे दिवे साफ केले होते. सप्टेंबरात लढाई लागली तेव्हा ब्लॅकआउटचा हुकूम आला आणि सगळ्यांनी मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग फासला. लढाई थांबली, तरी माझ्या दिव्यांवर तो तसाच राहिला होता. परवा मी रॉकेलच्या बोळ्याने तो खरवडून काढला, लढाईला आणि सरकारला शिव्या देत. त्या वेळी आई ओटीवर बसून बघत होती. संध्याकाळी तिने सत्यवतीला विचारलं होतं, बाकीची गाडी कधी साफ करणार? सत्यवतीला अर्थ कळला नाही, ती होईल म्हणाली. आज पहाटे चुलीपाशी राख भरताना आई म्हणाली होती, "लढाईपायी पोराला सगली गारी काली करावी लागली. आता लढाई सरली, नवमीला काली ठेवू नये. रोगी बघून त्याचा जीव दमतो, मीच करतंय." सत्यवती तेव्हा अर्धवट झोपेत होती. गाडीचा रंगच काळा आहे हे आईंना माहीत नसेल असं तिच्या डोक्यातच आलं नाही. आईंनी गाडी पाहिली ती या आठ दिवसांतच, तीही दिव्यांवर काळं फासलेली. खालून दुसरा, खरा रंग निघेल म्हणून त्या घासत होत्या.

मी सत्यवतीवर ओरडलो. हे मला सकाळी का नाही सांगितलं? तिने कप उचलला. चहा मी घेतलाच नव्हता.

"तुम्ही सकाळी कुणाला बोलू दिलंत?" ती म्हणाली आणि आत गेली.

मी घासत होतो. थांबायला हवं होतं, पण थांबलो असतो तर काहीतरी करावं लागलं असतं. काथ्या हातात घेऊन ती पहाटे अंधूक उजेडात काय शोधत असेल याचा मी विचार करत होतो. निळा निघेल, की हिरवा, असं वाटलं असेल का तिला? मी ओरडलो तेव्हा ती हेच सांगत होती, तुजी गारी, आणि पुढे. मला तिचा राग येईना आणि राग तर हातात मावत नव्हता. तो मग दयारामवर गेला, त्या नळावरच्या बायांवर गेला, काळ्या रंगाच्या मोटारी बनवणाऱ्या साहेबांवर गेला, लढाईवर गेला. कागद कोरडा झाला होता. खरखर बदललेली मला ऐकूसुद्धा आली. मी हात उचलला तेव्हा बॉनेटच्या ऐन मधोमध, तळहाताएवढी, तांबडी जागा उघडी पडली होती. काळा रंग पार गेला होता आणि खालचं अस्तर वर आलं होतं. त्याच्या एका कडेला तर पत्रा चमकत होता.

कमरुद्दीन आला तो सायकल भिंतीला टेकवून थेट गाडीपाशी. त्याने तळहात ओला करून बॉनेटवर फिरवला, डोळे मिटून, मी पोट तपासतो तसा. आईच्या ओरखड्यांवरून त्याचा हात गेला आणि तो म्हणाला, हे तर काहीच नाही, राख रंगाच्या आत जात नाही, वरची झिलई तेवढी गेलीय. मग फडकं आणि मेण घेऊन त्याने माझ्यादेखत अर्ध्या तासात ते सगळे ओरखडे काढून टाकले. कागद लागलाच नाही. वर्तुळं गेली, कौलं पुन्हा दिसायला लागली. राहिली ती मधली तांबडी जागा. ती मात्र आज होणार नाही म्हणाला. अस्तर, मग रंगाचे दोन-तीन हात, मध्ये उन्हात सुकवायचं, दसरा झाल्यावर बघू. तो त्या जागेकडे बघत राहिला. समोर दयाराम गॅलरीत होताच.

"पन हे कुनी केला, डाक्टरसाब?"

"आईने," मी म्हणालो.

इतक्या सहज म्हणालो की मलाच क्षणभर ते खरं वाटलं. कमरुद्दीनने मान हलवली. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढी ताकद, अल्ला सलामत ठेवो, म्हणाला. दयाराम वरून हसला आणि म्हणाला की बायकांना भांडं आणि मोटार सारखीच. मी पण हसलो. हॉस्टेलवर हसायचो तसा.

कमरुद्दीन गेल्यावर मी किल्ली घेतली. उन्हं कलली होती. गाडी चालवताना ती तांबडी जागा सारखी डोळ्यांपुढे, दुसरीकडे बघायची सोयच नाही. बॉनेट म्हणजे नेमकी तीच गोष्ट जी चालवणाऱ्याला दिसत राहते. वाटेत नवमीचे ट्रक हार घालून धूळ उडवत जात होते. मी तिला काय सांगायचं ते ठरवत होतो आणि ठरलेलं प्रत्येक वाक्य मला ऐकवेना. चुकलो म्हणायचं तर कशाबद्दल म्हणायचं? सकाळचं की आत्ताचं? आईची माफी मागायची आमच्यात पद्धत नाही. पाया पडायची आहे, पण पाया तर मी दर सणाला पडतो, त्यात तिला वेगळं काय कळणार? चाकोरीत गाडीचं बूड दोनदा घासलं. पूर्वी मला त्याने घाम फुटला असता.

आई घरासमोर शेजारच्या हौसाबरोबर बसली होती. दोघी दसऱ्याचं तोरण करत होत्या, झेंडू आणि भाताच्या लोंब्या. गाडी बघून पोरं धावली. आई उठली आणि माझ्या आधी हौसालाच म्हणाली की हे बघ, सांगितलं होतं ना, लोंब्या घ्यायला मी पुढे पायी आले आणि पोरगा मागून गाडी घेऊन न्यायला येईल म्हणून. तिने दिवसभर गावात हेच सांगितलं असणार. मला कुठेतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. मी एवढंच म्हणालो, चल. ती आत गेली, गाठोडं घेऊन आली. तिने कुरकुर केली नाही, एकदाही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही, आणि दिराच्या बाबतीत अकरा वर्षं जे टिकलं ते माझ्या बाबतीत एक दिवसही टिकवलं नाही. मग ती गाडीच्या पुढून यायला निघाली आणि बॉनेटपाशी थांबली. वाकून बघायला लागली. हात पुढे केला आणि न लावता मागे घेतला.

"यो माज्या हातचा?" तिने विचारलं. कुजबुजत विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तुझं सगळं निघालं. फडक्याने निघालं, अर्ध्या तासात. हे मी केलं. मी घासलं आणि रंग काढला, आणि लोकांना तुझं नाव सांगितलं."

हौसा बघत होती. आईने वर पाहिलं. पहिल्यांदाच सरळ पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. तो मला हवा होता. दिवसभर मीच एकटा तो ओढत होतो.

"खोटा नको बोलू, बाला," ती म्हणाली. "तू डाक्टर हायस. तुज्या हातून असा कसा व्हईल?"

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने सांगितलं, हौसालाही ऐकू जाईल असं, की मी केलंय, मी. कागद कोरडा झाला आणि मला कळलं नाही. ती मान हलवत राहिली, ताप चढलेल्या माणसाशी हलवतात तशी, बरं बरं म्हणत. माझी समजूत काढत होती ती. मी दार उघडलं आणि ती आत चढली. सीटच्या अगदी कडेला बसली, पाठ टेकली नाही, गाठोडं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, बांगड्यांसकट, मनगटाच्या वरपर्यंत.

"टेकून बस," मी ओरडलो.

"ऱ्हाऊ दे. कायतरी लागंल."

मी दार लावलं. ते इतक्या जोरात आपटलं की हौसा दोन पावलं मागे सरकली. आई दचकली नाही. तिने फक्त हात आणखी आत घेतले.